ईमानाची खूण प्रेम, की आज्ञापालन? एका हदीसवरून पडलेला प्रश्न (शीर्षक संपादित)

सहर

लहानपणी ज्या मौलवीसाहेबांकडे मी कुराण वाचायला शिकले, त्यांचा उच्चारांवर फार कटाक्ष. 'ह' घशातून आला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. पण अर्थाची वेळ आली की त्यांच्याकडे एकच गोष्ट असायची: आग. नमाज चुकली की आग, खोटं बोललं की आग, मोठ्यांना उलट उत्तर दिलं की आग. मी नमाज पढायचे ती चटका बसू नये म्हणून.

पुढे बऱ्याच वर्षांनी अर्थासह वाचायला घेतलं आणि सूरह बकरा या अध्यायाच्या १६५व्या आयतीपाशी (श्लोकापाशी) थबकले. "वल्लजीना आमनू अशद्दु हुब्बन लिल्लाह." ज्यांनी ईमान आणलं, म्हणजे श्रद्धा ठेवली, त्यांचं अल्लाहवरचं प्रेम सगळ्यांत उत्कट असतं. आधीचं वाक्य आहे ते अल्लाहच्या जोडीला दुसऱ्यांना बसवणाऱ्यांबद्दल, जे त्या दुसऱ्यांवर अल्लाहवर करावं तसं प्रेम करतात. म्हणजे शिर्क आणि ईमान यांतला फरक सांगताना इथे माप लावलंय ते प्रेमाचं. कोण कोणाला घाबरतो याचं नाही. मी ते पान त्या दिवशी उलटलंच नाही.

मग आले-इम्रानची ३१वी आयत. "सांगा, तुमचं अल्लाहवर प्रेम असेल तर माझ्यामागे या, अल्लाह तुमच्यावर प्रेम करेल आणि तुमचे गुन्हे माफ करेल." हसन बसरी यांच्यासारखे जुने लोक हिला परीक्षेची आयत मानतात. काहींनी प्रेमाचा दावा केला, तेव्हा ही कसोटी उतरली. प्रेम आहे ना, मग चालून दाखवा.

इथवर सगळं सरळ होतं. घोळ झाला तो बुखारींच्या संग्रहातल्या एका हदीसने, म्हणजे प्रेषितांबद्दलच्या एका आठवणीने. अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ, लोक त्यांना 'हिमार' म्हणजे गाढव म्हणायचे. ते प्रेषित मुहम्मद (स.) यांना हसवायचे. दारू प्यायल्याबद्दल त्यांना आधी शिक्षा झालेली होती. एक दिवस पुन्हा धरून आणलं, पुन्हा फटके बसले. जमलेल्यांतला एक वैतागून म्हणाला, याच्यावर लानत (शाप) असो, कितीदा आणावं लागतं याला! त्यावर प्रेषित (स.) म्हणाले, "त्याला लानत देऊ नका. अल्लाहची शपथ, मला इतकंच ठाऊक आहे की तो अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो."

प्रेमाची खूण आज्ञापालन असेल, तर वारंवार आज्ञा मोडणाऱ्याच्या प्रेमाची ग्वाही शपथेवर कशी दिली? आणि आज्ञापालन ही खूण नसेल, तर ३१व्या आयतीचं काय करायचं?

वाद घालायचा नाहीये. खरंच अडलंय.

मुसाफिर

शीर्षकात आधी 'दारुडा' लिहिलं होतंत, ते बदललंत, बरं झालं. सहाबी, म्हणजे प्रेषितांचे (स.) सोबती होते ते. ज्यांच्याबद्दल प्रेषितांनी (स.) लानतसुद्धा ऐकून घेतली नाही, त्यांना आपण नावं ठेवू नयेत.

आता मुद्दा. ३१व्या आयतीत मला अडचण दिसत नाही. प्रेम हे तोंडाने म्हणायचं काम नाही. सूरह तौबाची २४वी आयत काढून बघा. बाप, मुलगे, भाऊ, जोडीदार, कुळ, कमावलेला पैसा, मंदी येईल म्हणून ज्याची धास्ती असते तो व्यापार, आवडती घरं. आठ गोष्टी एकेक करून मोजल्यात. या जर तुम्हाला अल्लाह, त्याचा प्रेषित आणि त्याच्या वाटेवरची धडपड यांच्यापेक्षा अधिक प्रिय असतील, तर थांबा, अल्लाहचा निर्णय येईपर्यंत वाट पाहा. या आठांपैकी एकही गोष्ट हराम नाही. आईबापांवर प्रेम करू नका असं कुठे म्हटलेलं नाही. दोन प्रेमं एकमेकांच्या आड आली की पारडं कुठे झुकतं, तेवढंच पाहिलं जातं. ते झुकणं दिसतं कृतीत. दुसरीकडे कुठे दिसणार?

हजरत उमर (रजि.) म्हणाले होते, हे प्रेषिता, मला स्वतःचा जीव सोडला तर तुम्ही सगळ्यांत प्रिय आहात. उत्तर मिळालं: नाही, स्वतःच्या जिवापेक्षाही प्रिय होईपर्यंत नाही. उमर म्हणाले, मग आता तसंच. तेव्हा कुठे, "आता झालं, उमर." एवढ्या मोठ्या माणसालाही तेवढी सूट मिळाली नाही.

तुमच्या हदीसमध्ये शिक्षाही झालीच आहे, हे विसरू नका. प्रेम आहे म्हणून फटके चुकले नाहीत.

सहर

शीर्षकाबद्दल माफी. चूक माझी.

फटके चुकले नाहीत हे मान्य. पण मुसाफिरभाई, तुमच्या हिशेबाने फटक्यांबरोबर प्रेमही नाकारलं जायला हवं होतं ना? इथे शिक्षा देणाऱ्यानेच प्रेमाची साक्ष दिली आहे. मी अडकले आहे ती नेमकी इथे.

निवांत_वाचक

मी मुस्लिम नाही, फारसं वाचनही नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. माझी समजूत अशी होती की इस्लाममध्ये मूळ भाव भीतीचा आहे. भाषांतरांत दर दोन पानांनी 'अल्लाहचे भय बाळगा' असं येतं. मराठीत भक्ती म्हटलं की प्रेम आपोआप आलंच, 'भय बाळगा' म्हटलं की चित्रच वेगळं होतं. मग हे प्रेम मूळचं आहे, की पुढे सूफींनी आणलं?

तळटीप

@निवांत_वाचक, बाळबोध मुळीच नाही. या प्रश्नावर जुन्या लोकांनी शाई कमी घालवलेली नाही. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

तुम्ही ज्याला 'भय' म्हणताय तो मूळ शब्द बहुतेक ठिकाणी 'तकवा' आहे. धातू व-क-य, अर्थ जपणं, बचाव करणं. 'जपून राहा' हे त्याच्या जास्त जवळचं. भीतीला वेगळे शब्द आहेत, 'खौफ' आणि 'खशिया'. खशिया म्हणजे ज्याची थोरवी कळली आहे त्याच्यापुढे वाटणारा दरारा. सूरह फातिरमध्ये (३५:२८) म्हटलंय की अल्लाहची खशिया त्याच्या बंद्यांपैकी जाणत्यांनाच असते. नुसत्या घाबरण्याला जाणतेपण लागत नाही. हे सगळे शब्द एकाच 'भय'मध्ये कोंबले की जे होतं ते तुम्ही वाचलंय.

तरीही भीती आहेच, ती पुसून टाकायला नको. सजदा सूरहमध्ये (३२:१६) रात्री अंथरूण सोडून उठणारे लोक येतात, ते आपल्या रबला (प्रभूला) भीतीने आणि आशेने हाक मारतात. इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी यासाठी पक्ष्याची उपमा दिली: प्रेम हे डोकं, भीती आणि आशा हे दोन पंख. पंख तुटला तर पक्षी सापडतो शिकाऱ्याला, डोकंच उडवलं तर मरतो. सहर यांच्या मौलवीसाहेबांनी बहुधा एकाच पंखावर पक्षी उडवायला घेतला होता. इब्न कय्यिम यांचे गुरू इब्न तैमिया (मृत्यू १३२८) इबादतची, म्हणजे उपासनेची, व्याख्याच अशी करतात की परमावधीचं प्रेम आणि परमावधीची नम्रता एकत्र आली तर ती इबादत. दोघेही सूफींच्या कित्येक गोष्टींवर कडाडून टीका करणारे. तेव्हा प्रेम ही सूफींची आयात, हे काही जमत नाही.

आणि मूळचंच बघायचं तर हजरत इब्राहिम (अ.) यांची गोष्ट. सूरह अनआम, ७६वी आयत. रात्र पडते, तारा दिसतो, "हा माझा रब." तारा मावळतो. आता इथे तर्कशुद्ध वाक्य काय हवं? 'मावळणारा देव असू शकत नाही.' इब्राहिम तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, "ला उहिब्बुल आफिलीन." मावळणाऱ्यांवर माझं प्रेम बसत नाही. मग चंद्र, मग सूर्य. तौहीदचा, म्हणजे ईश्वर एकच असल्याचा, एवढा मोठा युक्तिवाद, आणि त्याचा पहिला शब्द प्रेमाचा. मला हे वाक्य कितीदाही वाचलं तरी नवंच वाटतं.

आता सहर यांचा प्रश्न. प्रेम म्हणजेच आज्ञापालन, हे समीकरण फार जुनं आहे. कलामवाल्या, म्हणजे धर्माची तर्काने मांडणी करणाऱ्या, पंडितांपैकी काहींचं म्हणणं होतं की प्रेम एकसारख्यांत होतं, माणसाचं माणसावर. निर्माता आणि निर्मिती यांत साम्यच नाही, तर प्रेम कसलं? म्हणून जिथे 'अल्लाहवर प्रेम' येईल तिथे 'अल्लाहची आज्ञा पाळणं' असं वाचायचं.

यावर धर्मपंडित गजाली (१०५८–१११) यांनी 'इहया उलूमुद्दीन'मध्ये घेतलेला समाचार वाचण्यासारखा आहे. त्या ग्रंथाचे ४० भाग आहेत, त्यांतला ३६वा प्रेम, ओढ, जवळीक आणि संतोष यांवर. सुरुवातीलाच ते विचारतात की आज्ञापालन हे तर प्रेमाचं फळ, मग फळाने झाडाची व्याख्या कशी करता? आधी प्रेम बसतं, मग माणूस ज्याच्यावर प्रेम बसलं त्याचं ऐकतो.

पुढे ते माणूस मुळात प्रेम करतो कशामुळे याची पाच कारणं देतात. एक, प्रत्येकाला स्वतःचं असणं आणि टिकणं प्रिय असतं. दोन, जो आपल्यावर उपकार करतो तो आवडतो. तीन, जो भलं करतो तो आवडतो, ते भलं आपल्यापर्यंत पोचत नसलं तरी. दूरदेशीच्या न्यायी राजाबद्दल ऐकून मन ओढ घेतं, त्याच्या राज्यात आपण कधी जाणार नसलो तरीही. चार, सौंदर्य. आणि ते नुसतं डोळ्यांना दिसणारं नव्हे. धर्मशास्त्राचे पंडित इमाम शाफी यांचा चेहरा न पाहिलेले लोकही त्यांच्यावर जीव टाकतात, ते काय नाकीडोळी बघून? पाच, दोघांमधलं एखादं आतलं, न सांगता येणारं नातं. गजाली म्हणतात, ही पाचही कारणं पूर्णपणे एकाच ठिकाणी लागू होतात. म्हणून प्रेमाला खऱ्या अर्थाने पात्र तोच एक. आणि ओळखीशिवाय प्रेम नाही. जितकी ओळख वाढेल तितकं प्रेम.

(अवांतर: हे लिहिणारा माणूस बगदादच्या निजामिया मदरशात नावाजलेला प्राध्यापक होता. १०९५ मध्ये वर्गात उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना. जिभेला कुलूप लागलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. ते पद सोडून निघून गेले. आयुष्यभर व्याख्या शिकवणाऱ्या माणसाने मग असं लिहावं, यात मला तरी काहीतरी दिसतं.)

तळटीप

वर गजालींच्या मृत्यूचं साल टंकताना एक आकडा गळला. १०५८–११११ असं वाचावे.

खडूस

चांगलं चाललंय, पण एक शंका. हुकूम देऊन प्रेम होतं का? 'कर माझ्यावर प्रेम' म्हटल्यावर जे होतं त्याला दुसरं नाव आहे. आणि जो कशाचाच गरजवंत नाही, त्याला आपल्या प्रेमाची काय पडली आहे?

सहर

@खडूस, नावाला जागलात.

वर आलेल्या आयती पुन्हा बघा. १६५मध्ये वर्णन आहे: ईमानवाले असे असतात. ३१मध्ये 'जर' आहे: प्रेम असेल तर. हुकूम आहे तो मागे येण्याचा. आणि सूरह माइदाची ५४वी आयत तर क्रमच उलटा लावते. तुमच्यापैकी कोणी धर्माकडे पाठ फिरवली तर अल्लाह असे लोक आणेल, "युहिब्बुहुम व युहिब्बूनहू", ज्यांच्यावर तो प्रेम करतो आणि जे त्याच्यावर प्रेम करतात. त्याचं प्रेम आधी, त्यांचं नंतर. ते लोक ईमानवाल्यांशी मऊ असतात, विरोधकांपुढे ताठ, आणि दोष देणाऱ्याच्या दोषाला भीत नाहीत.

म्हणजे गरजेचा प्रश्नच येत नाही. सुरुवात तिकडून झालेली आहे. त्याच्या नावांत 'अल-वदूद' हे एक नाव आहे, प्रेम करणारा. कुराणात ते दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा क्षमेच्या शेजारी. सूरह हूदमध्ये (११:९०) हजरत शुऐब (अ.) आपल्या लोकांना माफी मागायला सांगतात आणि म्हणतात, माझा रब दयाळू आहे, वदूद आहे. बुरूजमध्ये (८५:१४) "तो गफूर आहे, वदूद आहे". मला वाटतं यात माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, पण नीट मांडता येत नाहीये.

खडूस

क्रमाचा मुद्दा घेतला. विचार करतो.

गोधडी

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते.

हजरत उमर (रजि.) सांगतात ती हदीस. काही कैदी आणले होते. त्यांत एक बाई सैरभैर होऊन धावत होती. मूल दिसलं की उचलायची, छातीशी धरायची, पाजायची. प्रेषितांनी (स.) सोबतच्यांना विचारलं, ही आपलं मूल आगीत टाकेल असं वाटतं का तुम्हाला? ते म्हणाले, नाही, तिच्या हातात असेल तोवर नाही. "ही आपल्या मुलावर जेवढी माया करते त्याहून अल्लाह आपल्या बंद्यांवर अधिक माया करतो."

सहर, तुमच्या मौलवीसाहेबांनी आग सांगितली, ही हदीस सांगितली नाही. माझ्या मुलीला शिकवायला बसले तेव्हा मी हिच्यापासून सुरुवात केली. आग पुढे येईल तेव्हा येईल. तिला आधी कळू दे, आगीची गोष्ट कोण सांगतंय.

आणि अजून एक, ती तर तुमच्या प्रश्नाच्या जवळची आहे. एक माणूस विचारतो, कयामत कधी? प्रेषित (स.) उलट विचारतात, तयारी काय केली आहेस? तो म्हणतो, नमाज, रोजे, दान काही फार नाही जमवलं, पण मी अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. उत्तर: "ज्याच्यावर प्रेम करतोस त्याच्याबरोबर असशील." हजरत अनस (रजि.) सांगतात की इस्लाम मिळाल्यानंतर आम्हाला या वाक्याएवढा आनंद कशाने झाला नव्हता. ते पुढे म्हणतात, मी प्रेषित, अबू बक्र आणि उमर यांच्यावर प्रेम करतो, त्यांच्याएवढं काम माझ्याकडून झालं नसलं तरी त्यांच्याबरोबर असेन अशी आशा आहे.

झरा

वा, गोधडीताई.

संत राबिया बसरींचं नाव अजून कसं आलं नाही? एका हातात मशाल, एका हातात पाण्याचं भांडं घेऊन निघाल्या होत्या. लोकांनी विचारलं तर म्हणाल्या, जन्नतला आग लावते आणि दोजखवर (नरकावर) पाणी ओतते, म्हणजे लोक कशाच्या तरी लोभाने किंवा भीतीने इबादत करणार नाहीत. हसन बसरी त्यांच्याकडे यायचे आणि दर वेळी निरुत्तर होऊन जायचे, अशा कितीतरी गोष्टी आहेत. यापुढे बाकीची चर्चा मला फिकी वाटते.

तळटीप

@झरा, गोष्टी सुंदर आहेत, पण हसन बसरी वारले ७२८ मध्ये आणि राबिया ८०१च्या सुमारास. हसन गेले तेव्हा राबिया फार तर दहा-बारा वर्षांच्या असतील. त्या निरुत्तर करणाऱ्या भेटी पुढच्या लोकांनी रचल्या आहेत. बहुतेक लोकप्रिय कथा अत्तार यांच्या फारसी ग्रंथामुळे पसरल्या, तो राबियांनंतर जवळपास ४०० वर्षांनी लिहिला गेला. त्यामुळे राबिया खोट्या ठरत नाहीत. त्यांच्या नावावरच्या, दोन प्रकारच्या प्रेमांविषयीच्या ओळी गजालींनीही घेतल्या आहेत. पण कोणतं वाक्य त्यांचं आणि कोणतं त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांचं, हे सांगणं कठीण.

मुसाफिर

झराजी, गोष्टीचा हेतू समजतो, पण जन्नतला आग लावणं मला नाही पटत. प्रेषितांनी (स.) स्वतः जन्नत मागितली आहे आणि आगीपासून पनाह (आसरा) मागितली आहे. त्यांच्यापेक्षा जास्त प्रेम करणारं कोण? रात्री नमाजीत उभं राहून त्यांचे पाय सुजायचे. हजरत आयशा (रजि.) यांनी विचारलं, तुमचे मागचे-पुढचे सगळे माफ असताना कशाला एवढं? म्हणाले, "मी कृतज्ञ बंदा होऊ नको का?" आग लावायची गरज पडली नाही. मागणंही चालू आणि प्रेमही चालू.

झरा

हे उत्तर आवडलं, मुसाफिरभाई. 'कृतज्ञ बंदा'मध्ये राबियाच दिसते मला, तुम्हाला पटो न पटो :)

इश्क या शब्दाबद्दल कोणी सांगेल का? कव्वालीत सगळीकडे तोच.

तळटीप

कुराणात इश्क नाही. हुब्ब आहे, वुद्द आहे. बऱ्याच विद्वानांना अल्लाहच्या बाबतीत इश्क हा शब्द खटकला, कारण त्यात मर्यादा सुटण्याची छटा आहे. सूफींना तो नेमका त्या छटेसाठीच हवा होता. यावर स्वतंत्र धागा काढा, इथे गाडी रुळावरून जाईल.

निवांत_वाचक

तळटीप, तुमच्या मोठ्या प्रतिसादाबद्दल आभार, दोनदा वाचला. 'मावळणाऱ्यांवर माझं प्रेम बसत नाही' डोक्यातून जात नाहीये.

पण सहर यांचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे असं बाहेरच्या माणसाला वाटतंय. गजाली म्हणतात आज्ञापालन हे फळ. ठीक. पण फळ न धरणारं झाड हे झाड की नाही?

तळटीप

बाहेरच्या माणसाने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं.

या प्रश्नावर इस्लामच्या पहिल्या शतकापासूनच फूट पडत गेली, गट झाले. खवारिज म्हणाले, मोठा गुन्हा करणारा ईमानातून बाहेर. मुर्जिया म्हणाले, ईमान मनात आहे ना, कृतीने त्याला धक्का लागत नाही. मोतजिला म्हणाले, असा माणूस धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, मधल्या जागी आहे. हा वाद पुस्तकी नव्हता. कोणाला मुसलमान म्हणायचं आणि कोणावर तलवार उचलायची इथपर्यंत तो पोचला होता.

आता बुखारींनी हिमार यांची हदीस कुठे ठेवली आहे पाहा. शिक्षांच्या प्रकरणात, आणि त्यावर मथळा दिलाय त्याचा आशय असा: दारू पिणाऱ्याला लानत देणं नापसंत आहे, आणि तो मिल्लतमधून (धर्मसमुदायातून) बाहेर पडलेला नाही. हदीस खाली, बुखारींचं मत मथळ्यात. बुखारींचे प्रसिद्ध भाष्यकार इब्न हजर (मृत्यू १४४९) स्पष्टच लिहितात की मना केलेली गोष्ट हातून घडणं आणि त्याच माणसाच्या मनात अल्लाह आणि प्रेषितावर प्रेम असणं, यात विरोध नाही.

याच विषयावरची शेजारची हदीसही बघा, हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची. तिथेही पिणाऱ्याला शिक्षा होते, कोणीतरी 'अल्लाह तुझी फजिती करो' म्हणतं, आणि प्रेषित (स.) म्हणतात, असं म्हणू नका, आपल्या भावाविरुद्ध शैतानाला मदत करू नका. म्हणजे शिव्या देणारा ज्या बाजूला आपण उभे आहोत असं समजतोय, ती बाजू त्याची नाहीच.

मुसाफिर

यावर काल रात्री बराच वेळ विचार केला.

मी सुरुवातीला म्हणालो की झुकणं कृतीत दिसतं. अजूनही तेच म्हणतो. पण मी फक्त पिण्याची कृती मोजत होतो. त्या माणसाची दुसरी एक कृती होती: तो येत राहिला. फटके खाऊन लोक वस्ती सोडतात, तोंड लपवतात, द्वेष करायला लागतात. हा त्याच मजलिसमध्ये परत बसतो, हसतो, हसवतो. दोन प्रेमं आड आली की पारडं कुठे झुकतं असं मी विचारलं होतं. दारूपुढे ते पारडं पडलं, आणि पडूनही त्या दाराकडे परत आलं.

सूरह बकराची २२२वी आयत आठवली. अल्लाह 'तव्वाबीन'वर प्रेम करतो. तव्वाब म्हणजे एकदा तौबा करणारा नव्हे, पुन्हा पुन्हा परतणारा. पुन्हा पुन्हा परतायचं तर पुन्हा पुन्हा लांब जाणंही आलंच त्यात. हे मी किती वेळा पढलोय, पण शब्दाच्या या रूपाकडे लक्ष गेलं नव्हतं.

मात्र याचा कोणी परवाना करू नये. 'माझं प्रेम आहे' हे तो माणूस स्वतः म्हणालेला नाही. ते त्याच्याबद्दल दुसऱ्याने म्हटलं, ज्याला म्हणण्याचा अधिकार होता त्याने. स्वतःपुरतं बोलायचं तर माझ्यासाठी ३१वी आयतच आहे. हिमार यांची हदीस दुसऱ्यांकडे बघताना.

सहर

मुसाफिरभाई, शेवटची दोन वाक्यं मी लिहून घेतली.

मला जे मांडता येत नव्हतं ते हेच. वदूद हा शब्द दोन्हीकडे क्षमेच्या बाजूला का आलाय. परतणारे आहेत म्हणून.

खडूस

मी मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण एक आयत आणि एक हदीस, पहिली आपल्याला लावायची आणि दुसरी दुसऱ्याला, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटली. सहसा उलट वाटणी बघायला मिळते.

फिरून एक खोचक प्रश्न. या सगळ्यात पैसा कुठे आहे? प्रेम, अश्रू, रात्रीची नमाज, हे सगळं फुकट होतं.

गोधडी

फुकट नाही होत. आले-इम्रान, ९२. "जे तुम्हाला प्रिय आहे त्यातलं खर्च करेपर्यंत तुम्ही नेकीपर्यंत पोचणार नाही." ही आयत उतरली तेव्हा मदिनेतले अबू तलहा (रजि.) उठले. त्यांची बैरुहा नावाची खजुरीची बाग मशिदीसमोरच होती, आत गोड पाणी, प्रेषित (स.) तिथे जाऊन पाणी प्यायचे. म्हणाले, माझी सगळ्यांत लाडकी मालमत्ता हीच, ही अल्लाहसाठी. प्रेषितांनी (स.) ती जवळच्या नातेवाइकांत वाटायला सांगितली. उरलंसुरलं देणारे खूप असतात.

तळटीप

गोधडीताईंना जोड म्हणून: सूरह इन्सानमध्ये (७६:८) "व युतइमूनत्तआम अला हुब्बिही", ते गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालतात 'त्याच्या प्रेमापोटी'. यातला 'त्याच्या' कोणाकडे जातो? अन्नाकडे लावला तर अर्थ होतो, स्वतःला अन्न हवंसं असतानाही. अल्लाहकडे लावला तर अल्लाहवरच्या प्रेमापोटी. जुन्या भाष्यकारांनी दोन्ही अर्थ दिलेत. अरबी सर्वनामाने दोघांना एका शब्दात बसवून ठेवलंय. पुढच्याच आयतीत ते म्हणतात, आम्हाला तुमच्याकडून मोबदला नको आणि आभारही नकोत.

निवांत_वाचक

आभारही नकोत! हे अवघड आहे. मोबदला सोडता येतो एक वेळ.

जाता जाता, अशी एखादी गोष्ट आहे का जिच्यात शिक्षा नाही, बाग नाही, सुजलेले पाय नाहीत? साधं प्रेम, साध्या माणसाचं?

सहर

आहे. हजरत आयशा (रजि.) सांगतात. एका तुकडीचा म्होरक्या नमाज पढवायचा. तो काहीही पढला तरी शेवट दर वेळी एकाच सूरहने करायचा, 'कुल हुवल्लाहु अहद', म्हणजे सूरह इखलास. सोबतच्यांना ते विचित्र वाटलं. परत आल्यावर प्रेषितांच्या (स.) कानावर घातलं. ते म्हणाले, त्यालाच विचारा, असं का करतो. विचारलं. तो म्हणाला, यात रहमानचं वर्णन आहे, आणि मला ते पढायला आवडतं.

प्रेषित (स.) म्हणाले, "त्याला सांगा, अल्लाहही त्याच्यावर प्रेम करतो."

निवांत_वाचक

किती मोठी असते ही सूरह?

सहर

चार आयती. प्रेम हा शब्द त्यात एकदाही नाही.

निवांत_वाचक

मग पाठ होईल. उच्चार चुकले तर तुमच्या मौलवीसाहेबांना सांगू नका.

सहर

'ह' घशातून काढा, बाकी मी सांभाळून घेते.